आयसीयूत घरचे गेले की इन्फेक्शन होते?

यवतमाळ-वाशीमकडून पेशंट नागपूरले हलवला की घरचे लोक आयसीयूच्या दारासमोर सतरंजी टाकून बसतात, भेटायची वेळ असली तरी आत जायले घाबरतात, काहून तं म्हणे आपल्या कपड्यावरून जंतू जातात अन् तसंही व्हेंटिलेटरवरच्याले काही समजत नाही. दोन्ही खरं नाही बाप्पा.

2019 मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये ब्राझीलच्या 36 आयसीयूंचा अभ्यास छापून आला, तिथं घरच्यांना दिवसाला 12 तासांपर्यंत आत बसू दिलं तरी इन्फेक्शन वाढलं नाही, उलट घरच्यांची चिंता अन् नैराश्य कमी झालं. पेशंटचा भ्रम, म्हणजे आयसीयूत डोक्यात होणारा गोंधळ, मात्र त्याने फारसा कमी झाला नाही, हेही सांगितलं पाहिजे. जंतू हातावरून जास्त पसरतात, म्हणून जाता-येता हात नीट धुवा, सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका.

झोपेचं औषध चालू असलं तरी काही पेशंटांना आवाज ऐकू येतो अन् नंतर आठवतोही. जवळ जाऊन नाव घ्या, बाबा तुम्ही नागपूरले आहात, आज मंगळवार आहे, कापूस वेचून झाला, असं साधं बोला. चष्मा, कानाचं मशीन सिस्टरला विचारून लावून द्या. नळीला हात लावू नका अन् तोंडात पाणी तर अजिबात टाकू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकतं.

आणि पेशंटला रोजची दारू, खर्रा (तंबाखू-सुपारी) असेल तर लाजेपायी लपवू नका, दारू एकदम सुटली की माणूस बडबडतो, हातपाय झाडतो, अन् घरच्यांनी सांगितलं नाही तर डॉक्टर त्याचं कारण भलतीकडेच शोधत बसतात.