आधी हाताची तयारी: बालशिक्षणातल्या एका तत्त्वाची पार्श्वभूमी

‘एका वेळी एकच अडचण’ हे बालवाडीतलं पथ्य मूळचं फ्रान्समधलं. तिथले डॉक्टर इतार यांनी बहिऱ्या मुलांसाठी आणि पुढे त्यांचे शिष्य सेगँ यांनी गतिमंद मुलांसाठी इंद्रियांना वळण देणारी साधनं वापरली. तोच धागा रोममध्ये डॉ. मारिया माँटेसरी यांनी उचलला.

त्यांच्याकडच्या ११ वर्षांच्या एका गतिमंद मुलीला रफू जमेना. सुई एका धाग्याखालून, दुसऱ्यावरून न्यायची, तिथेच ती अडे. माँटेसरींनी सुई बाजूला ठेवून तिला कागदी पट्ट्यांची चटई विणायला दिली. हालचाल तीच, पण पट्टी रुंद आणि डोळ्यांना स्पष्ट दिसणारी. चटई हातात बसल्यावर पुन्हा रफू दिलं, तेव्हा ते जमलं. मूळ काम घोटवून घेण्याऐवजी त्यातली हालचाल आधी वेगळी काढून शिकवायची, हे इथे पक्कं झालं.

६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचं बालगृह सुरू झालं. तिथल्या दट्ट्यांच्या (मूठ असलेल्या लाकडी दंडगोलांच्या) ठोकळ्यात १० खाचा असतात. जाडीत फरक असलेल्या संचात बारीक दट्ट्या मोठ्या खाचेत गेला, की शेवटी एक जाड दट्ट्या उरतो आणि कुठेच बसत नाही. चूक साधनच दाखवतं. शिक्षिकेने ‘चुकलं’ म्हणायची गरज नाही. दट्ट्याची मूठ तीन बोटांनी धरावी लागते, म्हणजे पेन्सिलीची पकडही आपोआप तयार होते.

नावं शिकवायची पद्धत सेगँची, तीन पायऱ्यांची: ‘हा जाड, हा बारीक’, ‘जाड दे’, ‘हा कसा?’ दुसऱ्या पायरीवर मूल चुकलं तर न टोकता पाठ थांबवायचा. घाई होते ती इथेच. दुसरी पायरी दोन-तीनदा विचारून लगेच तिसरीवर उडी मारली, की मूल अंदाजाने बोलू लागतं. करून दाखवतानाही हात हळू चालवावा आणि तोंड बंद ठेवावं; दोन्ही एकदम चाललं तर मूल हाताकडे बघत नाही.

गुजरातमध्ये भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही पद्धत रुजवली. १९४५ मध्ये ताराबाई आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, सोबत अनुताई वाघ; १९५७ मध्ये काम जवळच्याच कोसबाडला गेलं. महागड्या साधनांऐवजी तिथे दगड, शिंपले, बिया आल्या. हा बदल मोलाचाच होता, मात्र तत्त्व सांभाळावं लागतं: लहान-मोठं शिकवायचं असेल तर सगळे खडे एकाच रंगाचे निवडावेत, नाहीतर मूल आकार सोडून रंगच लावत बसतं.