हॉलीची लाल फळं हिवाळ्याचं भाकीत करत नाहीत

आयर्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगतात: हॉलीचं (काटेरी पानांचं सदाहरित) झाड लाल फळांनी लगडलं की हिवाळा कडक जाणार, पाखरांची बेगमी देवानं आधीच करून ठेवली. १९३७ ते १९३९ दरम्यान शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून हवामानाच्या अशा कितीतरी समजुती वह्यांत उतरवल्या. तो ठेवा मोलाचाच. पण झाडाला पुढचं कळत नाही. हॉलीत नर-मादी झाडं वेगळी. फळं धरतात ती मादीच. मे-जूनच्या सुमारास इवली पांढरी फुलं येतात. तेव्हा ऊन पडलं, मधमाश्या फिरल्या, तर फळं भरपूर. म्हणजे ती सरलेल्या हंगामाची खबर देतात. सगळंच मोडीत काढू नका मात्र. संध्याकाळी आभाळ तांबडं, तर उद्या उघाडी, हे तिथं पुष्कळदा खरं ठरतं. कारण मावळतीला तांबडं म्हणजे पश्चिमेचं आभाळ मोकळं, आणि तिथली हवा बहुतेक पश्चिमेकडूनच, अटलांटिकवरून येते.