लेझरने थ्रिप्स ही द्राक्षावरची बारीक कीड मरेल का?

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर ‘आता फवारणी बंद, लेझर मारणार कीड’ असा व्हिडिओ फिरतोय. त्यातलं यंत्र कीड मारतच नाही. ते अमेरिकेतल्या कार्बन रोबोटिक्स कंपनीचं तण जाळायचं यंत्र आहे. तण जागेवर उभं असतं, त्याच्या कोंबावर लेझर रोखला की झालं. कीड उडते, आणि खरी मजा तिथे आहे.

मायक्रोसॉफ्टचे माजी तंत्रज्ञान प्रमुख नेथन मिरवोल्ड यांनी 2010 मध्ये उडते डास लेझरने पाडून दाखवले होते. त्यांचं यंत्र अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतं आणि समोरच्या खांबावरचा परावर्तक तो परत कॅमेऱ्याकडे पाठवतो. मध्ये कीटक आला की त्याची सावली पडते, आणि ती पंखांच्या तालावर लुकलुकते. डासाची मादी सेकंदाला साधारण 500 वेळा पंख हलवते, मधमाशी 230 वेळा. या तालावरून आणि आकारावरून मारायचं कोणाला, हे संगणक ठरवतो. मात्र माशीचा ताल मधमाशीच्या बराच जवळ असतो. शिवाय थंडीत पंख मंदावतात, म्हणजे निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे हिशेब पुन्हा बदलणार.

आता शाळेतलं गणित. डासाचं वजन 2 मिलिग्रॅम, शरीर बहुतेक पाणीच. मारण्यासाठी ते 30 अंशांनी तापवायचं म्हटलं, तर सुमारे पाव ज्यूल उष्णता लागते. सगळा प्रकाश शरीरात शोषला गेला, तर 10 वॉटचा लेझर ती 25 मिलिसेकंदांत देईल. पण सेकंदाला एक मीटर वेगाने उडणारा डास तेवढ्यात अडीच सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणून नेम धरून भागत नाही, पूर्ण वेळ किरण त्याच्या मागे फिरवावा लागतो. हे काम विजेच्या इशाऱ्यावर वळणारे इवलेसे आरसे करतात. माझ्या मते सगळ्या यंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच.

आपला थ्रिप्स मात्र जेमतेम एक मिलिमीटरचा, फुलोऱ्यात आणि कोवळ्या पानाआड बसलेला. मिलीबग (पिठ्या ढेकूण) सालीखाली. किरण सरळ जातो, पान ओलांडत नाही. भुरी हा तर बुरशीचा रोग, डाऊनी बुरशीसारख्या जिवाचा; दोन्ही कीटकच नव्हेत. बाजारात ‘अल्ट्रासॉनिक कीडनाशक’ म्हणून विकले जाणारे डबे याहून वाईट; त्यांच्या आवाजाने कीड पळते याला भक्कम पुरावा नाही.

पॉलिहाउसमधल्या उडत्या पांढऱ्या माशीवर हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. पण किरण अवरक्त असेल तर तो दिसत नाही, त्यामुळे डोळे आपोआप मिटत नाहीत आणि पडदा भाजू शकतो. विरळणीला, डिपिंगला (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवायला) बागेत माणसं असताना यंत्र बंदच ठेवावं लागेल.