मूल आणि बिऱ्हाड घेऊन एकट्याने जैसलमेरला जाताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पवनचक्क्या, सौर प्रकल्प, सीमा सुरक्षा दल, हवाई दल, बँका, हॉटेले. पुण्या-मुंबईहून जैसलमेरला बदली होते ती बहुधा यांपैकी कशात तरी. बिऱ्हाड हलवण्याच्या नेहमीच्या याद्या घरात दोन मोठी माणसे आहेत असे धरून केलेल्या असतात: एक ट्रकपाशी उभे, दुसरे मुलापाशी. एकटी आई किंवा एकटे वडील असतील तर ती यादी पहिल्याच दिवशी कोलमडते. म्हणून आम्ही, बिऱ्हाडे वाहून नेणाऱ्या कंपनीने, हे पत्रक वेगळे छापले आहे. आमच्याकडे बुकिंग केले नाही तरी ते वापरा.

सगळ्यात आधी क्रम

सामान उतरत असताना मूल कुठे असेल, हे ठरल्याशिवाय ट्रकची तारीख ठरवू नका. दगडी जिन्यावरून कपाट चढते आहे, दार सताड उघडे आहे, हमाल बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) सही मागताहेत आणि चार वर्षांचे पोर रस्त्यावर, हा प्रसंग टाळता येतो.

आमच्या मते बरा क्रम असा: आधी कागद, मग शाळेचा प्रवेश, मग घर, मग तुम्ही आणि मूल, आणि सर्वांत शेवटी ट्रक. मुलाला घेऊन दोन बॅगांसह पुढे जा, चार-पाच रात्री गेस्टहाउसमध्ये काढा, शाळा सुरू करा. शाळेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, मूल वर्गात असताना, सकाळी सात ते अकरात सामान उतरवून घ्या. उन्हाळ्यात पर्यटक नसल्याने खोल्यांचे भाव बरेच उतरलेले असतात, त्यामुळे हा खर्च वाटतो तेवढा जड जात नाही. आजी किंवा मावशी महिनाभर मूल सांभाळणार असेल तर प्रश्नच नाही.

याच कारणाने एकट्या पालकांना आम्ही पार्ट लोड (एकाच गाडीत अनेकांचा माल) सुचवत नाही. स्वस्त पडते हे खरे, पण माल वाटेत दुसऱ्या गाडीत बदलला जातो आणि आठ दिवसांत येईल की बारा, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. वन किंवा टू बीएचकेसाठी १४ ते १७ फुटी गाडी पूर्ण घेतली की पुण्याहून अहमदाबाद, बाडमेरमार्गे सुमारे १,२०० किलोमीटर तीन ते चार दिवसांत होतात. तुमचा फोन येईपर्यंत भरलेले सामान गोदामात थांबते. पहिल्या सात दिवसांचे भाडे आम्ही घेत नाही.

केव्हा जावे

मार्चचा शेवटचा आठवडा. सीबीएसईचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि कूलर, पाणी, छप्पर यांची सोय लावायला महिनाभर हातात राहतो. दुसरा पर्याय ऑक्टोबरचा, पण तेव्हा पर्यटन हंगाम सुरू होतो आणि भाड्याच्या खोल्या हॉटेलवाल्यांच्या कामगारांनी भरलेल्या असतात. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो; आदेश मेमध्येच आला तर तुम्ही रुजू व्हा आणि शक्य असेल तर मूल जूनअखेर न्या. हिवाळाही लोक विसरतात. जानेवारीच्या रात्री तापमान सात-आठ अंशांपर्यंत उतरते, सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि शाळेची बस जवळजवळ अंधारात येते. एक जाड स्वेटर आणि रजई हातातल्या सामानात ठेवा.

कागदांची फाइल

ही फाइल ट्रकमध्ये जात नाही.

घटस्फोट झालेला असेल तर हुकूमनामा आणि मुलाच्या ताब्याचा आदेश, दोन्हींच्या प्रमाणित प्रती. आदेश बारकाईने वाचा. मुलाला न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेऊ नये अशी अट असेल, किंवा दुसऱ्या पालकाच्या भेटीचे वार ठरलेले असतील, तर आधी वकिलामार्फत परवानगी किंवा बदल मागा. दर शनिवारची भेट १,२०० किलोमीटरवरून पाळता येत नाही, आणि परवानगी न घेता गेलात तर तेच पुढे तुमच्याविरुद्ध मांडले जाते. दावा अजून चालू असेल तर आम्ही ॲडव्हान्स घेण्याआधी हे विचारतो. नाक खुपसण्याचा हेतू नाही; ऐनवेळी रद्द झालेली गाडी दोघांनाही महागात पडते.

जोडीदाराचे निधन झाले असेल तर मृत्यूचा दाखला घ्याच, शिवाय घरातल्या कोणत्या गोष्टी अजून त्यांच्या नावावर आहेत ते तपासा. घोळ होतो तो इथे. गाडीचे आरसी (नोंदणीपत्र) पतीच्या नावावर असेल तर आरटीओकडून परराज्याची एनओसी (ना-हरकत दाखला) निघण्याआधी गाडी वारसाच्या नावावर व्हावी लागते. गॅस कनेक्शनचेही तेच. ही कामे इथे, ओळखीच्या गावात, दोन महिने आधी उरकून घ्या.

आई अविवाहित असेल तर मुलाच्या जन्मदाखल्यावर काय आहे तेच सगळीकडे लिहा. वडिलांचे नाव न सांगता एकट्या आईला पालकत्वासाठी अर्ज करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. तरी खिडकीवरचा कारकून ‘पिता/पति का नाम’ हा रकाना भरायला सांगणारच. शांतपणे दाखला पुढे करा आणि रकान्यात एक रेघ मारा. काहीतरी नाव भरून वेळ मारून नेली तर पुढच्या प्रत्येक कागदात ते नाव पाठलाग करते.

तिकडे गेल्यावर चौकाचौकात ‘ई-मित्र’ची दुकाने दिसतील. राजस्थानची बरीच सरकारी कामे तिथूनच होतात. राज्याच्या जनआधार कार्डात (कुटुंबाच्या ओळखपत्रात) कुटुंबप्रमुख म्हणून १८ वर्षांवरील स्त्रीचे नाव लागते. घरात अशी स्त्री नसेल तर २१ वर्षांवरील पुरुषाचे. एकट्या वडिलांनी हे आधीच सांगावे, म्हणजे अर्ज परत येत नाही.

शाळा

शाळा सोडल्याचा दाखला परराज्यासाठी आहे हे मुख्याध्यापकांना सांगा आणि त्यावर शिक्षणाधिकारी कार्यालयाची प्रतिस्वाक्षरी घ्या. ती नसेल तर तोच दाखला घेऊन पुन्हा महाराष्ट्रात यावे लागू शकते. दुसरे, यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी नोंदीच्या पोर्टलवर जुन्या शाळेने मुलाला ‘सोडले’ पाहिजे. दाखला हातात आहे पण पोर्टलवर नाव जुन्याच शाळेत, अशी स्थिती असेल तर नवी शाळा मुलाचा पेन (कायमचा विद्यार्थी) क्रमांक ओढून घेऊ शकत नाही. निघण्यापूर्वी वर्गशिक्षकांना स्क्रीनवर दाखवायला सांगा.

जैसलमेरमध्ये केंद्रीय विद्यालये आहेत. पहिला हक्क केंद्र सरकारच्या नोकरदारांच्या मुलांचा, आणि पहिलीसाठी वय पूर्ण सहा लागते. मराठी माध्यमातून जाणाऱ्या मुलाला देवनागरी येत असते, त्यामुळे हिंदी वाचन महिन्या-दोन महिन्यांत बसते. अडतो तो इंग्रजीतला गणित-विज्ञानाचा शब्दसाठा. शिकवणी लावायची तर त्याची लावा.

मूल आठवीच्या पुढे असेल तर इथे जरा थांबा. सीबीएसईत नोंदणी नववीत होते, आणि दहावी किंवा बारावीत शाळा बदलायची तर मंडळाची परवानगी लागते. त्याहून मोठी गोष्ट: दहावी-बारावी महाराष्ट्राबाहेर झाली तर इथल्या वैद्यकीय प्रवेशात राज्य कोट्याची पात्रता बदलू शकते. बदलीच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना सवलती आहेत, सगळ्यांना नाहीत. सीईटी सेलची (राज्याच्या प्रवेश कक्षाची) त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचून मगच ठरवा.

प्रवेशाच्या दिवशीच शाळेला एक पत्र द्या: मुलाला न्यायला कोण येऊ शकते, त्यांची नावे, फोटो, फोन, आणि कोणाला देऊ नये तेही, आदेशाच्या प्रतीसह.

घर

किल्ल्यातले घर फोटोत देखणे. ११५६ मध्ये वसलेला हा किल्ला आजही राहता आहे, २०१३ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि पायथ्याशी मुरणाऱ्या सांडपाण्याने त्याच्या भिंती-बुरुजांना त्रासही झालेला आहे. शाळेत जाणारे मूल, गॅस सिलिंडर आणि रात्री-बेरात्री दवाखाना असे सगळे एकट्याने सांभाळायचे तर हनुमान चौराह्याच्या आसपास, गांधी कॉलनी, इंदिरा कॉलनी अशा भागात, शाळेपासून चालत जाता येईल असे घर पाहा.

मालक खाली राहतो आणि वरचा मजला भाड्याने, ही तिथली नेहमीची रचना. एकट्या पालकाला मालकाचे कुटुंब खाली असणे सोयीचे असते, पण वरचे छत दगडी पट्ट्यांचे असेल तर मेमध्ये ते मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. मधला मजला मिळाला तर उत्तम. वरचाच घ्यावा लागला तर छताला एप्रिलपूर्वी पांढऱ्या उष्णतारोधक रंगाचे दोन हात मारून देण्याची अट करारात घाला.

घर बघताना पाण्याचे तीन प्रश्न विचारा. नळ किती दिवसांआड आणि किती वाजता? जमिनीखालची टाकी किती लिटरची? ती फक्त तुमची की मालकाशी समाईक? शहराला पाणी इंदिरा गांधी कालव्यातून येते. कालवा दुरुस्तीसाठी बंद असतो तेव्हा, साधारण उन्हाळ्याच्या तोंडावर, पुरवठा आणखी ताणला जातो आणि टँकर मागवावा लागतो. पाणी दुपारी येत असेल आणि तुम्ही साइटवर असाल तर ते भरणार कोण, हेही तेव्हाच ठरवा.

एसीपेक्षा आधी डेझर्ट कूलर घ्या, आणि तो तिथेच घ्या. कोरड्या हवेत तो झकास चालतो, मात्र समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. बंद खोलीत तो नुसती दमट हवा फिरवतो आणि लोक कूलरला नावे ठेवतात. मेच्या दुपारी मोठा कूलर तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज पितो. पाणी जड असल्याने पॅडवर पांढरा थर बसतो आणि पंप अडकतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, त्याने डासही होत नाहीत. पावसाळी दमट दिवसांत कूलरचा उपयोग नाही, तेव्हा पंखाच.

सामान: काय बिघडते आणि का

लाकूड. कोकण-मुंबईच्या दमट हवेत मुरलेले सागवानी कपाट तिथल्या कोरड्या हवेत आकसते. सांधे सैल होतात, दारांच्या फळ्यांना चीर जाते. निघण्यापूर्वी तेल किंवा पॉलिशचा हात द्या, आणि पोहोचल्यावर दोन महिन्यांनी स्क्रू पुन्हा आवळा. ते आकसणे वाहतुकीतले नुकसान नव्हे, त्याचा विमा मिळत नाही. तबला किंवा ढोलकी असेल तर आम्हाला वेगळे सांगा. पुडी (वरचे कातडे) उतरत्या ताणावर, कापडात गुंडाळून, जमल्यास तुमच्याबरोबर.

उन्हाळ्यात बंद गाडी आतून भट्टी होते. मेणाचे खडू, मेणबत्त्या, गोंदाच्या कांड्या वितळून खोक्यातली पुस्तके चिकटवतात. डिओ आणि झुरळांचे स्प्रे फुटू शकतात, ते आम्ही भरतच नाही. मुलाची औषधे, सिरप, इन्हेलर, इन्सुलिन हातातल्या बॅगेत.

फ्रीज उभाच जातो. उतरवल्यावर चार तास तरी चालू करू नका. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचे ट्रान्झिट बोल्ट (प्रवासात ड्रम घट्ट धरणारे) शोधून ठेवा, नसतील तर आठवडाभर आधी कळवा. भरलेला सिलिंडर चालणार नाही. एजन्सीत जमा करून ट्रान्सफरचा कागद घ्या, त्यावर तिकडे नवे कनेक्शन मिळते. गाडी तिकडे १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर नोंदणी बदलावी लागते.

वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा कागद) लागत नाही. ‘बॉर्डरवर टॅक्स भरावा लागला’ म्हणून वाटेतून फोन करून पैसे मागणारा कोणीही असो, आमचा ड्रायव्हर असला तरी, देऊ नका आणि आम्हाला कळवा.

मुलाची तब्येत

पहिल्या दोन महिन्यांत घोळणा फुटणे अगदी नेहमीचे, कारण हवा कोरडी. डोके मागे टाकू देऊ नका. पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे सलग दाबून धरा. रात्री नाकपुड्यांत सलाईनचे थेंब. धुळीची ‘आँधी’ येते तेव्हा दम्याच्या मुलाला आतल्या खोलीत ठेवा, दाराच्या फटीला ओले फडके लावा. बूट झटकून घालणे आणि पलंग भिंतीपासून हातभर दूर ठेवणे ही विंचवासाठीची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

जिल्हा रुग्णालय म्हणजे श्री जवाहिर चिकित्सालय. गंभीर रुग्ण पुढे जोधपूरला पाठवतात, २८० किलोमीटर, साडेचार-पाच तास. रुग्णवाहिकेसाठी १०८. मुलाला जुना आजार असेल तर जोधपूरच्या एम्समध्ये आधीच केस पेपर काढून ठेवा.

सीमेजवळचा जिल्हा आहे हेही लक्षात असू द्या. मे २०२५ मध्ये रात्रीचे ब्लॅकआउट झाले, शाळा बंद राहिल्या. तुम्ही ८० किलोमीटर दूर साइटवर अडकलात तर रात्री मूल कोणाकडे राहील, असे निदान एक शेजारघर पहिल्या महिन्यात पक्के करा. साइटवर अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. तिथल्या कार्यालयाचा लँडलाइन किंवा सुरक्षा चौकीचा नंबर शाळेला आणि शेजाऱ्यांना द्या.

सर्व्हेच्या (सामानाच्या पाहणीच्या) वेळी हाताशी ठेवा

नव्या घराच्या जिन्याची रुंदी आणि वळणाचा फोटो (जुन्या वस्तीत गोदरेजचे कपाट जिन्यात अडकते, मग ते दोरीने गच्चीवरून घ्यावे लागते आणि त्याचे पैसे वेगळे). मोठी गाडी दारापर्यंत जाते की चौकातून छोटा टेम्पो करावा लागेल. मुलाच्या शाळेची वेळ. आणि उतरवताना तुमच्याऐवजी सही करू शकेल अशा एका व्यक्तीचे नाव. बुकिंगला २० टक्के, भरताना ५० टक्के, उरलेले ३० टक्के सामान मोजून घेतल्यावर. फुटतूट दिसली तर बिल्टीवर तिथेच लिहा, फोटो काढा आणि मगच सही करा. मूल शाळेतून यायची वेळ झाली असेल तर ‘खोकी न उघडता ताब्यात घेतली’ एवढे तरी लिहाच.