परिच्छेद १६६ अभ्यासक्रम

विकसनशील देशांतील सरकारी अधिकाऱ्यांना व्यापार, वित्त, गुंतवणूक आणि विकास यांचे परस्परसंबंध समजावेत म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने (अंक्टाड) सुरू केलेला अभ्यासक्रम. फेब्रुवारी २००० मध्ये बँकॉक येथे अंक्टाडचे दहावे अधिवेशन भरले. तेथे संमत झालेल्या कृती-आराखड्याच्या १६६व्या परिच्छेदात या प्रशिक्षणाची तरतूद होती. त्यावरून पडलेले हे रुक्ष नाव टिकून राहिले.

बँकॉकच्या आधी जेमतेम अडीच महिने सिअॅटल येथील जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापारमंत्र्यांची परिषद फिसकटली होती. मोजके देश बंद दाराआड मसुदे ठरवतात आणि बाकीच्यांना नंतर सह्या करायला बोलावतात, ही गरीब देशांची तक्रार तेव्हा टोकाला गेली होती. दार उघडून उपयोग व्हायचा तर आत बसणाऱ्याला मसुदा वाचता यायला हवा, हीही दुसरी अडचण होती. अनेक छोट्या देशांच्या जिनीव्हातील कार्यालयांत दोन-तीनच अधिकारी असतात. व्यापार, आरोग्य, कामगार, बौद्धिक संपदा या साऱ्या संस्थांच्या बैठका त्यांनाच सांभाळाव्या लागतात. काही देशांचे तर तेथे कार्यालयच नसते.

अशा वाटाघाटींत एखादा आकडा कबूल करण्याचा अर्थ काय, हे भारताच्या खाद्यतेलावरून चांगले कळते. जागतिक व्यापार संघटनेत भारताचा पामतेलावरील बांधील दर ३०० टक्के आहे, सोयाबीन तेलावरील मात्र ४५ टक्के. बांधील दर म्हणजे आयातशुल्काची कमाल मर्यादा. प्रत्यक्ष शुल्क तिच्या आत हवे तसे वर-खाली करता येते, पण ती ओलांडता येत नाही. लातूर-अकोल्यात सोयाबीनचे भाव कोसळले तरी आयात सोयातेलावरचे शुल्क ४५ टक्क्यांच्या वर नेता येत नाही. मर्यादाच बदलायची तर संबंधित निर्यातदार देशांशी भरपाईच्या वाटाघाटी कराव्या लागतात.

प्रादेशिक अभ्यासक्रम आफ्रिका, आशिया-पॅसिफिक, पश्चिम आशिया, पूर्व युरोप आणि लॅटिन अमेरिका व कॅरिबियन या भागांत आळीपाळीने भरतात. व्यापार, वित्त, परराष्ट्र, नियोजन अशा वेगवेगळ्या खात्यांतील अधिकारी त्यांत एका बाकावर बसतात. एरवी एकाच सरकारातील या खात्यांची फाइलवरच गाठ पडते, हे लक्षात घेतले तर अभ्यासक्रमाचा हा भाग व्याख्यानांपेक्षा मोलाचा ठरावा. जिनीव्हात नेमणूक असलेल्या प्रतिनिधींसाठी अर्ध्या दिवसाचे वर्गही घेतले जातात.

कल्पना नवी नव्हती. जागतिक व्यापार संघटनेच्या आधीच्या गॅट या व्यापार-कराराच्या सचिवालयाने १९५५ पासूनच अधिकाऱ्यांसाठी व्यापारधोरणाचे वर्ग सुरू केले होते आणि पुढे संघटनेने ते चालू ठेवले. संघटना आणि अंक्टाड या दोहोंच्या दृष्टीत मात्र फरक आहे. संघटनेचे प्रशिक्षण मुख्यतः नियम काय सांगतात आणि ते कसे पाळायचे, यावर भर देते. त्याचा मोठा खर्च देणगीदार देशांच्या ऐच्छिक निधीतून भागतो, आणि त्यावर टीकाही होते. अंक्टाडचा भर देशाला आपले धोरण आखायला किती मोकळीक उरते, या प्रश्नावर असतो. १९६४ मध्ये विकसनशील देशांची बाजू मांडणारे अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राऊल प्रेबिश यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संस्थेला ते साजेसेच आहे.

भारतात हे काम प्रामुख्याने दिल्लीच्या भारतीय विदेश व्यापार संस्थेकडे (स्थापना १९६३) आहे. तेथे १९९९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र निघाले. १९६४ पासून चालू असलेल्या आयटेक (भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य) कार्यक्रमातून भारत स्वतःही इतर विकसनशील देशांच्या अधिकाऱ्यांना शिकवतो.

या साऱ्या प्रशिक्षणाची जुनी दुखरी नस म्हणजे बदली. काउंटरवेलिंग शुल्काचे (परदेशी सरकारच्या अनुदानाचा परिणाम भरून काढण्यासाठी आयातीवर लावलेल्या शुल्काचे) बारकावे शिकून आलेला अधिकारी वर्षा-दोन वर्षांत पशुसंवर्धन नाहीतर पर्यटन खात्यात जातो, आणि वाटाघाटीच्या पुढच्या फेरीला नवा माणूस पहिल्या पानापासून सुरुवात करतो.