गाडीतला गारवा आणि दाबाचं गणित

गाडीच्या एसीत भरतात तो गॅस मुळात गार नसतो. गॅरेजमधल्या सिलिंडरमध्ये तो आसपासच्या हवेइतकाच उबदार असतो. गारवा येतो तो दाबून द्रव केलेला हाच गॅस उकळताना, कारण उकळायला लागणारी उष्णता तो शेजारच्या हवेतून ओढून घेतो. आणि उकळायचं किती अंशांना, हे ठरवतो दाब. प्रेशर कुकरमध्ये दाब चढला की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं; दाब उतरवला की उलटं होतं.

हे उलटं टोक स्कॉटलंडचे डॉक्टर विल्यम कलन यांनी पकडलं. ईथरचं भांडं पाण्यात ठेवून त्यांनी वरची हवा पंपाने ओढून घेतली. एरवी ३५ अंशांच्या सुमारास उकळणारं ईथर दाब उतरताच भराभर उडालं आणि भोवतीचं पाणी गोठलं. १७५६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पण उडालेलं ईथर वायाच जात होतं. तीच वाफ दाबून पुन्हा द्रव करायची आणि फिरवत राहायची, अशा यंत्राचं पेटंट जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये लंडनला घेतलं. आजच्या गाडीतला फेरा तोच आहे: कंप्रेसर वाफ दाबतो, कंडेन्सर ती गार करून द्रव करतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह दाब उतरवतो आणि कूलिंग कॉइलमध्ये द्रव उकळतो.

त्यानंतरचा इतिहास म्हणजे सोयीच्या दाबाच्या द्रवाचा शोध. अमोनिया उत्तम, बर्फाच्या कारखान्यांत आजही तोच चालतो. पण तो विषारी, आणि ६० अंशांना त्याचा दाब २६ बारवर, म्हणजे वातावरणाच्या सुमारे २६ पट, जातो. माणसं बसतात त्या डब्यात तो कोण घेणार? १९३० च्या सुमारास थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी आर-१२ हा बिनविषारी गॅस पुढे आणला. वातावरणाच्या दाबाला तो उणे ३० अंशांना उकळतो, ० अंशाला त्याचा दाब ३ बारच्या आसपास आणि ६० अंशांना १५. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या छोट्या कंप्रेसरला हा पल्ला झेपतो. पॅकार्ड या अमेरिकन मोटार कंपनीने १९४० च्या मॉडेलला एसी दिला, तोही मागच्या डिकीत बसवून. कंप्रेसरला क्लचच नव्हता, त्यामुळे तो बंद करायचा म्हणजे पट्टा काढून ठेवायचा!

मग ओझोनचा प्रश्न आला. आर-१२ सारखे गॅस वातावरणातला ओझोनचा थर खातात हा धोका मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवला, असे गॅस कमी करण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि नव्वदच्या दशकात गाड्या आर-१३४ए या दुसऱ्या गॅसवर गेल्या. त्याचा उत्कलनबिंदू उणे २६, म्हणजे फरक थोडाच. पण ६० अंशांना दाब १७ बारच्या जवळ जातो, त्यामुळे जास्त सक्षम कंडेन्सर लागला. कंप्रेसरचं जुनं खनिज तेल त्यात मिसळत नाही, म्हणून तेलही बदलावं लागलं.

मेकॅनिकच्या गेजवर हे सगळं डोळ्यांनी दिसतं. तबकडीवर दाबाच्या आकड्यांच्या आत तापमानाचं आणखी एक वर्तुळ असतं. आर-१३४ए साठी कमी दाबाच्या निळ्या गेजवर २८ पीएसआयसमोर (वातावरणाच्या दाबाच्या वर मोजलेला दाब) ० अंश येतो, जास्त दाबाच्या लाल गेजवर २३० च्या सुमारास ६० अंश. निळा काटा २८ च्या फार खाली राहिला तर कॉइलवर बर्फ धरतो आणि हवाच अडते. गॅस जास्त झाला तर दाब चढतो, कॉइलमधला उत्कलनबिंदूही चढतो आणि गारवा कमी होतो. म्हणून गेज न लावता अंदाजाने 'थोडा टॉप-अप' करणं मला चुकीचंच वाटतं. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतोय, आधी ते शोधायला हवं. आणि भरण्यापूर्वी व्हॅक्यूम नीट काढायलाच हवा: दाब ३२ मिलिबारला उतरला की नळ्यांत अडकलेलं पाणी २५ अंशांनाच उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं.

आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत सुटला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडवतो. युरोपने २०१७ पासून नव्या कारमध्ये तो बंद केला. त्याच्या जागी आलेल्या आर-१२३४वायएफचे दाब जवळपास तसेच आहेत, फक्त तो किंचित ज्वलनशील आहे. दुसरा पर्याय खुद्द कार्बन डायऑक्साइड. पण ३१ अंशांच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही. विदर्भातल्या ४५ अंशांच्या दुपारी त्याला १०० बारच्या वर दाबून वायूरूपातच गार करावं लागेल, आणि त्यासाठी नळ्या, सील, कंप्रेसर सगळंच वेगळ्या ताकदीचं घडवावं लागेल.