संधिवातातला थकवा : आधी नोंदलेला, मग विसरलेला

कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. संध्याकाळी गाठोडं काट्यावर चढलं की बाईचा दिवस कसा गेला ते सगळ्यांना कळतं. यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत रूमॅटॉइड संधिवाताची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या आजाराची, पहिली चाहूल कित्येकदा या काट्यावरच लागते. बोटं अजून सुजलेली नसतात, पण वजन कमी भरू लागतं आणि दुपारी बाई बांधावर आडवी होते. माझ्या मावशीचं असंच झालं. हाताचे सांधे फुगायच्या सहा-सात महिने आधीपासून ती म्हणत होती, "आंगात जीवच नाही राह्यला. झोप झाली तरी झोपच येते." घरात त्याला एकच शब्द होता : आळस.

हा शब्द वैद्यकाला नवा नाही. सातव्या-आठव्या शतकातल्या माधवनिदान या माधवकराच्या आयुर्वेदिक ग्रंथात आमवाताचं, म्हणजे सांधे सुजून दुखण्याच्या आजाराचं, वेगळं प्रकरण आहे, आणि त्यातल्या लक्षणांच्या यादीत अंगदुखी, अरुची, ज्वर यांच्या जोडीला 'आलस्य' आणि 'गौरव', म्हणजे अंगाचा जडपणा, स्पष्ट लिहिलेले आहेत. आजार वाढल्यावर काय होतं हे सांगताना माधवकर आणखी दोन शब्द देतो : 'उत्साहहानि' आणि 'निद्राविपर्यय'. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही आणि दिवसा पेंग येते, ही तक्रार त्याने त्याच श्लोकांत बांधली आहे. आमवात म्हणजे तंतोतंत आजचा रूमॅटॉइड असं म्हणता येणार नाही, दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या आहेत. पण सुजलेल्या सांध्यांच्या माणसाला थकवा आणि झोपेचा घोळ असतो, हे त्या वैद्याने पाहिलं आणि लक्षण म्हणून नोंदवलं. तोच आळस पुढे आपल्या घरांत स्वभावाचा दोष ठरला, याचं मला फार वाईट वाटतं.

युरोपातही सुरुवात अशीच झाली. १८०० साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या ऑगस्तँ लांद्रे-बोवे या तरुण डॉक्टरने प्रबंधात नऊ स्त्रियांचं वर्णन केलं. आधुनिक वैद्यकातलं या आजाराचं ते पहिलं वर्णन मानलं जातं. त्याने दिलेल्या नावाचा अर्थ होतो 'अशक्तपणाचा गाउट'. गाउट म्हणजे युरिक आम्ल साठून सांधे सुजण्याचा आजार, तो तेव्हा खात्यापित्या पुरुषांचा रोग समजला जाई. या बाया गरीब होत्या, गळून गेलेल्या होत्या, म्हणून त्याने अशक्तपणा थेट नावातच घातला. १८५९ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांच्या ग्रंथातून 'रूमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव पुढे आलं आणि रुळलं. त्या नावात सांधे राहिले, अशक्तपणा गळाला.

पुढचं शतक मोजमापाचं होतं. रक्तातल्या पेशी किती वेगाने तळाशी बसतात हे पाहणारी ईएसआर तपासणी आली. १९४० च्या दशकात रूमॅटॉइड फॅक्टर हे या आजाराची खूण देणारं रक्तातलं प्रतिपिंड सापडलं. एक्स-रेत हाडांची झीज दिसू लागली. जे मोजता आलं ते कागदावर चढलं. १९८१ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 'आजार शांत झाला' कधी म्हणायचं याचे सहा निकष ठरवले, त्यांत 'थकवा नसणे' हा एक होता. पुढे संशोधनात हे निकष वापरताना बऱ्याच ठिकाणी नेमका तोच वगळला गेला, कारण त्याचं माप कुणाजवळ नव्हतं. १९९० च्या दशकात औषधांच्या चाचण्यांसाठी जी सर्वमान्य यादी झाली, तिच्यात दुखणारे सांधे, सुजलेले सांधे, वेदना, हालचाल, रक्ताचा अहवाल हे सगळं आलं. थकवा आला नाही.

याच इतिहासातल्या एका घटनेशी विदर्भाचा रोजचा संबंध आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी २९ वर्षांच्या एका स्त्रीला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं. ती जवळजवळ अंथरुणाला खिळलेली होती. आठवड्याभरात ती बाजारात खरेदीला जाऊन आली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. त्याच सुमारास दुसरी बाजूही दिसायला लागली होती : चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, आणि औषध थांबवलं की आजार दुप्पट जोराने उसळणं.

आता आपल्या आठवडी बाजारात या. गठियावरची पुडी, काळी गोळी, बिननावाचं चूर्ण. अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं देशात अनेक तपासण्यांत आढळलं आहे. तिसऱ्या दिवशी बाई धुणं धुते, निंदणाला जाते, आणि सगळं गाव म्हणतं की पुडी लागू पडली. मेयो क्लिनिकमध्ये घडलं तेच इथे घडतं, फक्त मात्रा मोजणारा कुणी नसतो. महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं संप्रेरक बनवणं जवळपास सोडून देतात. मग पुडी संपली, पैसे संपले, बाजार बुडाला की माणूस कोसळतो. उलट्या, चक्कर, रक्तदाब उतरणं, उठून बसता न येणारी ग्लानी. हा थकवा जिवावर बेतू शकतो. म्हणून पुडी घेणाऱ्याला रागावून ती एका दिवसात बंद करायला लावू नये. तिला पुडीसकट डॉक्टरकडे न्यावं, मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

थकवा यादीत परत आला तो रुग्णांमुळे. संधिवाताच्या चाचण्यांत काय मोजायचं ते ठरवणारा ओमेरॅक्ट नावाचा आंतरराष्ट्रीय गट १९९२ पासून काम करतो. २००२ च्या ऑस्ट्रेलियातल्या परिषदेत त्याने पहिल्यांदा रुग्णांना चर्चेला बसवलं. तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय, असं विचारल्यावर तज्ज्ञांच्या यादीत नसलेला थकवा त्यांनी पुढे केला. २००७ मध्ये, शक्य असेल तिथे प्रत्येक चाचणीत थकवाही मोजावा, अशी शिफारस झाली. लांद्रे-बोवेपासून दोनशे सात वर्षं गेली.

तोवर कारणंही उलगडू लागली होती. सांध्यात दाह पेटवणारी टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ ही रसायनं मेंदूपर्यंत परिणाम करतात. तापात माणूस जसा कोपऱ्यात पडून राहतो, तसं ती शरीराला पाडतात. इंटरल्यूकिन-६ रात्री उशिरा चढतं, म्हणून पहाटे बोटं लाकडासारखी होतात आणि शेवटच्या प्रहराची झोप मोडते. याच दाहामुळे शरीर लोह साठ्यात अडकवून ठेवतं, रक्ताला मिळू देत नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय असल्याचं २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. म्हणजे मुळातच कमी रक्त, त्यात हा आजार. अशा वेळी नुसत्या लोहाच्या लाल गोळ्यांनी भागत नाही, दाह उतरवावा लागतो.

विदर्भात निदान चुकायला आणखी वाटा आहेत. २००६ च्या चिकुनगुनियाच्या साथीनंतर सांधेदुखी म्हटली की 'तेव्हाचा तो ताप अंगात राहिला' असं म्हणायची सवय पडली. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यातही हातपाय दुखतात आणि माणूस गळून जातो. दोन्ही तपासून बाजूला काढल्याशिवाय संधिवाताचं औषध सुरू करणं बरं नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ पासून झालेल्या पाहणीत प्रौढांमध्ये रूमॅटॉइडचं प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघालं. त्या हिशेबाने तीन हजार प्रौढांच्या गावात पंधरा जण, आणि त्यांत बायाच जास्त. तज्ज्ञ मात्र बहुतेक नागपुरात. पहाटेची एसटी, रांग, केसपेपर, आणि डॉक्टरांसमोर पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत सांधे दाबून पाहिले जातात. झोप कशी आहे, हे माझ्या मावशीला पहिल्या चार खेपांत कुणी विचारलं नाही.

उपायांचाही इतिहास उलटसुलट आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवणं हाच उपचार होता. त्याने स्नायू वाळतात आणि थकवा वाढतो, हे पुढे कळलं. २०१३ साली औषधाविना उपायांचे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा बेताचा व्यायाम आणि मनाच्या सवयींवरचं काम यांनी थकवा काहीसा उतरतो असं दिसलं. २०१९ च्या एका ब्रिटिश चाचणीत संधिवात विभागातल्या परिचारिका आणि थेरपिस्ट यांनीच छोट्या गटांत रुग्णांना हे शिकवलं आणि फरक पडला. यासाठी मोठा तज्ज्ञ लागला नाही, ही गोष्ट मला आपल्या आरोग्य केंद्रांसाठी फार मोलाची वाटते.

दिवसभर शेतात राबणारीला व्यायाम कशाला, असं घरचे विचारतात. पण वाकून निंदण करणं आणि बळ वाढवणारा व्यायाम यांत फरक आहे. त्याहून घातक ती सवय : बरं वाटलं त्या दिवशी सारवण, दळण, धुणं सगळं उरकायचं आणि पुढचे दोन दिवस पडून राहायचं. काम तुकड्यांत वाटावं, दमायच्या आधी बसावं. दुपारी अर्धा तास झोप चालते, तीन तास घेतली तर रात्र जाते. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड सांगितल्याप्रमाणे बहुधा सकाळीच घ्यायचं असतं, संध्याकाळी घेतलं तर झोप उडते. मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं नेहमीचं औषध आठवड्यातून एकदाच, चुकूनही रोज नाही. त्या गोळीनंतरचा दिवस अनेकांना सुस्तीचा जातो. आणि आडवं होताच गाढ झोप लागत असेल, घोरणं मोठं असेल, तर तो नुसता थकवा नसून झोपेचा वेगळा आजार असू शकतो. थायरॉइडही तपासून घ्यावा.

मावशीने डॉक्टरांना विचारून मेथोट्रेक्सेटचा वार बदलून घेतला. त्यांच्या गावी बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असते, म्हणून गोळी आदल्या रात्री. वेचणीला ती आता उन्हं चढल्यावर निघते, बोटं सुटल्यावर. मध्ये एकदा झाडाखाली बसते, परत ओटी बांधते. गेल्या हंगामात काट्यावर तिचं वजन इतर बायांपेक्षा कमीच भरलं, पण वेचणी संपेपर्यंत तिचा एकही खाडा पडला नाही.